नवतप्यात लाल झालेली चाचणी

नवतपा लागला की नागपुरात माणसं भेटल्यावर आधी आकडा विचारतात. आज किती होतं, उद्या किती जाईल. रोहिणी नक्षत्रातले, मे अखेरचे हे नऊ दिवस पुण्या-मुंबईच्या लोकांना पेपरात वाचून कळतात, आम्हाला कॅलेंडर लागत नाही. सकाळी सातला नळाचं पाणी चटका देतं, दुपारी दाराची कडी फडक्यानं धरून उघडावी लागते, आणि तीन वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तरी आमची माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून कामाला निघतात. काम काही नऊ दिवस थांबत नाही.

परवा मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी गॅलरीतला जुना कूलर झटकून आत घेतला. एसी आहे घरात, नाही असं नाही, पण त्या बंद खोलीत मला फार वेळ बसवत नाही. कूलरमध्ये नवीन गवत भरलं, टाकीत पाणी सोडलं, पंप चालू केला, आणि ओल्या गवताचा पहिला वास नाकात गेला तसा एक जुना उन्हाळा अंगावर आला. लोकांना जुने उन्हाळे आठवले की गोड वाटतं. आमरस, मामाचं गाव, पत्त्यांचे डाव. मला माझा तो उन्हाळा आठवला की अजून डोकं तापतं. तापू दे. तेव्हा ते तापलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

तेव्हा आम्ही सक्करदऱ्यात राहायचो. खाली बाबांचं कूलरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. बाबा कूलर बांधायचे आणि दुरुस्तही करायचे. मार्च ते जून त्यांना जेवायला फुरसत नसायची. पत्रा कापल्याचा आवाज, रंगाचा वास, मोटरच्या तारा, आणि दुकानाच्या दारात कायम कोणीतरी घामाघूम उभा, "भाऊ, आजच्या आज पाह्यजे." आई दोन गल्ल्या पलीकडे एका दुकानात टायपिंग करायची. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. दुकानवाल्यानं संगणकावर फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर टाकलं होतं. खुलं म्हणजे ज्याचा आतला सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो आणि पटला तर दुरुस्तही करता येतो. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते सुधारत असतात.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. पानावर तक्ता असला की छापताना त्याच्या शेवटच्या ओळीचा खालचा भाग कापला जायचा. इंग्रजीत ते कळायचं नाही. मराठीत मात्र खालचे उकार उडायचे. माणसं कागद घेऊन परत यायची, "ताई, साहेबानं वापस केला, म्हणे नाव नीट नाही." आई मग तक्त्याखाली दोन रिकाम्या ओळी टाकून वेळ मारून न्यायची. घरी आल्यावर म्हणायची, "एवढे मोठे लोकं बनवतात, त्याइले हे दिसत नाही काहून?"

मी इंजिनीयरिंग करून एक वर्ष घरी बसले होते. बसले म्हणजे काय, अर्ज करत होते, आणि नाहीची पत्रंसुद्धा येत नव्हती. मुलाखतीला गेलं की विचारायचे, प्रत्यक्ष काम काय केलंय. काम दिल्याशिवाय काम कसं करणार, हे विचारायची सोय नाही. तेव्हा मी ठरवलं की आईची ही ओळ आपणच दुरुस्त करायची. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. तो स्वीकारला गेला की सॉफ्टवेअरच्या इतिहासात तो बदल करणाऱ्याचं नाव कायमचं लिहिलं जातं, जगात कोणालाही दिसेल असं. मला ते नाव हवं होतं. लाजून कशाला सांगू, मला ते फार हवं होतं.

दोन महिने शोधलं. लाखो ओळींत ती जागा सापडली त्या दिवशी मी खाली दुकानात जाऊन बाबांना सांगितलं आणि त्यांनी हातातला स्क्रू तोंडात धरून मान हलवली. दुरुस्ती किती, तर चार ओळींची. मला वाटलं, झालं, आता पाठवायचं आणि नाव लागायचं. तिथं कळलं की खरं काम आता सुरू होतं.

कारण ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींचा एक नियम होता. पॅच पाठवायच्या आधी तो तपासून पाहायचा. नियम रास्त आहे, त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. तुम्ही एका कोपऱ्यात खिळा ठोकता आणि भिंतीपलीकडे कोणाचा आरसा पडतो ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून आख्खं सॉफ्टवेअर नव्यानं बांधायचं, याला बिल्ड म्हणतात, आणि मग त्याच्यावर हजारो लहान-लहान चाचण्या आपोआप चालवायच्या. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. मंडळींकडे त्यासाठी वेगळी यंत्रं होती. तुमचा बदल त्यांच्याकडे टाकला की ती तीन वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर बिल्ड करून पाऊण तासात निकाल सांगायची. पण ती यंत्रं फक्त सभासदांना. सभासद कोण, तर ज्याचे पाच पॅच स्वीकारले गेले तो. नवीन माणसानं सगळं आपल्याच घरी, आपल्याच मशीनवर चालवायचं आणि निकाल जोडून पाठवायचा. ज्याला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तपासणीचं दार बंद.

माझं मशीन म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेला जुना लॅपटॉप, एक बिजागर तुटलेलं. त्याच्यावर बिल्डला नऊ तास लागायचे. आणि महिना कोणता, तर मे. सकाळी लावायचं, दुपारी लाइन, म्हणजे वीज, जायची, पुन्हा पहिल्यापासून. लाइन टिकली तर लॅपटॉप इतका तापायचा की बोट ठेवता यायचं नाही. तीन दिवसांनी एकदाचं सगळं पूर्ण झालं. सगळ्या चाचण्या हिरव्या आणि एक लाल.

तसाच पाठवला. पॅच तपासणारा माणूस हेन्रिक नावाचा होता, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. "एक चाचणी नापास आहे, कृपया आधी तुमचा बदल नीट तपासा." मी चार ओळी पुन्हा वाचल्या, पन्नासदा वाचल्या. पुन्हा चालवलं, पुन्हा तीच लाल. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तर त्यानं तीच ओळ चिकटवली होती, कृपयासकट.

मी कामात ढ आहे असं मला त्या आठवड्यात खरंच वाटायला लागलं होतं. ते सांगते, कारण जिद्दीच्या गोष्टी सांगताना माणसं हा भाग गाळतात. दुपारी खोलीत पडून राहायचं, भिंतीला पाठ लागली तर पाठ भाजायची, आणि डोळ्यांसमोर ती लाल रेघ. नऊ तास बांधायचं आणि शेवटी ती.

बाबांच्या दुकानाची एक रीत होती. कूलर तयार झाला की तो गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एक तास चालवून पाहायचा. कुठे, तर दुकानासमोर फुटपाथवर, भर उन्हात. गिऱ्हाइकं वैतागायची. त्या आठवड्यात एक गृहस्थ छत्री धरून उभे होते, ते म्हणाले, "भाऊ, उन्हात काहून ठेवता? सावलीत ठेवा ना, लवकर थंडा होईन."

बाबा वर न बघता म्हणाले, "सावलीत तर कोणताही कूलर थंडी हवा देते, साहेब. याले तुमच्या घरी चालाचं हाये, मे महिन्यात. माह्या सावलीत नाही चालाचं."

मी जिन्यात उभी होते. वर गेले आणि पहिल्यांदा ती लाल चाचणी नीट उघडून वाचली. तोवर मी फक्त माझ्याच ओळी वाचत होते. आपलंच चुकलं असणार असं एकदा मनात बसलं की माणूस दुसरीकडे बघत नाही, आणि आमच्यासारख्यांच्या मनात हे बसायला फार वेळ लागत नाही. ती चाचणी घड्याळ लावून बसलेली होती. एक मोठा दस्तऐवज ठरावीक सेकंदांत उघडला पाहिजे, नाहीतर नापास. आणि लॅपटॉप फार तापला की जीव वाचवायला स्वतःच मंद होतो. माझ्या तक्त्याच्या ओळीचा त्या घड्याळाशी काडीचा संबंध नव्हता.

मी माझ्या चारही ओळी काढून टाकल्या. मंडळींचं मूळ सॉफ्टवेअर, माझं एक अक्षर नसलेलं, दिवसाच्या उन्हात बांधलं आणि चालवलं. तीच चाचणी लाल. मी एकटीच खोलीत हसले. मग म्हटलं आता उलटं करून बघू. चार ओळी परत घातल्या आणि पहाटेपासून लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवला, अगदी चिकटून. दोन तासांनी बघते तर कीबोर्डवर पाण्याचे थेंब. मी ओरडले तसे बाबा वर आले.

"अवं करुणा, कूलरवाल्याची पोरगी ना तू? तोंडासमोर ठेवतेत काय बिजलीची वस्तू?"

त्यांनी स्वतःच्या शर्टानं थेंब टिपले, लॅपटॉप उचलून तीन हात लांब, बाजूला, माठाच्या तिवईवर ठेवला, कूलरच्या पट्ट्या तिकडे वळवल्या आणि जाताना पंपाचं पाणी थोडं कमी केलं. त्या दिवशी लाइन गेली नाही. दुपारी सगळ्या चाचण्या हिरव्या. शेवटची, घड्याळवालीसुद्धा.

आता गंमत बघा. माझ्या हातात सगळं हिरवं असलेला निकाल होता. तेवढाच जोडून पाठवला असता तर नियम पाळला गेला असता, नाव लागलं असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं. त्याच संध्याकाळी हेन्रिकचा नवीन निरोपही आला. या वेळी जरा लांब होता आणि सभ्य होता. "तुमची दुरुस्ती उपयोगी दिसते. तुम्हाला तपासणी जमत नसेल तर मी ती माझ्या नावानं यंत्रांवर टाकतो आणि पुढे पाठवतो. आभारात तुमचं नाव लिहीन."

जमत नसेल तर, म्हणे.

आई म्हणाली, "आभारात येते ना नाव? मंग घे ना बाई. नाही तर तो हिरवा कागद पाठव आन् मोकळी हो. साल झालं तुले घरी बसून." तिचं चूक नव्हतं. तिला दुकानात रोज कोणीतरी विचारायचं, पोरीचं काय झालं. तिला माझं काम अडलेलं दिसत होतं आणि ते सुटायला दोन रस्ते समोर होते.

पण आमच्या घरात एक अवघड गोष्ट आहे. छप्पन साली आजोबा अठरा वर्षांचे होते, पांढरा सदरा घालून धम्मदीक्षेला उभे राहिले होते. ते मला लहानपणी सांगायचे की दार बंद असलं तर ठोकायचं, आणि कोणी म्हणालं की तुला एकट्याला मागच्या दारानं आत घेतो, तर जायचं नाही. आता एका सॉफ्टवेअरच्या पॅचला एवढं मोठं कशाला करायचं, असं कोणी म्हणेल. म्हणा. मला तेव्हा तो सदरा आठवला, आणि मी आईला म्हटलं, "मी कोणाच्या आभारात नाही राहणार."

बाबा जेवत होते. ते आईला म्हणाले, "राहू दे वं. लिहू दे तिले काय लिहाचं ते."

मी लिहिलं. हेन्रिकला एकट्याला नाही, सगळ्या मंडळींना, त्यांच्या उघड्या चर्चेत. तीनही निकाल जोडले. उन्हात माझ्या बदलासकट लाल. उन्हात तुमचं मूळ सॉफ्टवेअर, तेही लाल. कूलरपाशी माझ्या बदलासकट हिरवा. खाली लिहिलं की पहिले दोन निकाल मी लपवू शकले असते आणि फक्त तिसरा दाखवू शकले असते, पण मग पुढच्या उन्हाळ्यात दुसरं कोणीतरी स्वतःला ढ समजून भिंतीला पाठ लावून बसेल. तुमची चाचणी सॉफ्टवेअर तपासत नाही, खोली तपासते. थंड खोलीत बसून नियम केलात आणि तो सगळ्यांना लावलात. तपासणी हवीच, मीच म्हणते हवी. म्हणून यंत्रं नवीन माणसांना उघडा. मला एकटीला सवलत म्हणून देऊ नका, मी घेणार नाही. आणि हा पॅच दुसऱ्याच्या नावानं जाणार नाही. गेला तर माझ्या नावानं जाईल, नाहीतर तसाच पडून राहील.

पाठवलं. पॅच खरंच पडून राहिला असता तर मी काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं.

चार दिवस काही नाही. मग एक-एक उत्तर. एकानं लिहिलं, चांगला संगणक घ्या. जणू मी हौसेनं तुटक्या बिजागराचा घेतला होता. दुसऱ्यानं लिहिलं, रात्री थंड असताना चालवा. त्याला मी उत्तर दिलं की आमच्याकडे नवतप्यात रात्री जेवढं तापमान असतं तेवढं झालं की तुमच्याकडे शाळांना सुट्टी देतात. तिसऱ्यानं लिहिलं की यंत्रं नवीन लोकांना दिली तर ते कच्चे बदल टाकून यंत्रांचा वेळ घालवतील. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तो खरं बोलत होता आणि तीच त्याला अडचण वाटत होती. कच्चा बदल टाकायचा नाही तर तपासणी कशाची करायची?

आज मी त्याच चर्चेत दुसऱ्या बाजूला बसते, रोज लोकांचे पॅच तपासते. नवीन माणसाचा पहिला बदल यंत्रांवर जातो, हमखास काहीतरी लाल येतं आणि खाली लगेच लिहिलेलं असतं, माफ करा. मुली तर दोनदा लिहितात. मी प्रत्येकीला तेच कळवते, माफी कशाची, ते यंत्र त्याचसाठी ठेवलंय. तपासायला टाकलेली वस्तू बिघडली म्हणून कोणी माफी मागतं का?

असो. पाचव्या दिवशी हेन्रिकनं लिहिलं. त्या माणसाबद्दल मी आजवर बरंच वाकडं बोललेय, म्हणून हे सरळ सांगते. त्यानं आपल्या घरची खोली गरम करायची शेगडी चालू केली, स्वतःचा लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून तिच्याजवळ ठेवला आणि मूळ सॉफ्टवेअर चालवलं. खाली चार शब्द होते. "माझ्याकडेही लाल आली आहे." आणि पुढच्या ओळीत, "नियम आपला चुकीचा होता, त्यांचा बदल नाही." मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मे महिन्यात शेगडी लावली त्यानं? तुह्यासाठी?" आणि मग किती तरी वेळ तोंडाला पदर लावून हसत राहिली.

घड्याळाची चाचणी त्यांनी काढून वेगळी ठेवली. यंत्रं उघडायला आणखी दोन आठवडे वाद झाला, पण उघडली, सगळ्या नवीन माणसांना. कोणा एका सभासदानं पॅचवर नजर टाकून हो म्हणायचं, मग तो यंत्रांवर जायचा. माझ्या पॅचला हेन्रिकनं हो म्हटलं.

तोवर नवतपा संपत आला होता. दुपारचे बारा असतील. मी लॅपटॉप घेऊन खाली दुकानातच बसले, म्हटलं बाबांनाही बघू दे. आता माझ्या मशीनला काही बांधायचंच नव्हतं, ते निवांत होतं. पाऊण तास आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. बाबांनी एका गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. पहिल्या प्रकारच्या संगणकावर सगळं हिरवं. दुसऱ्यावर सगळं हिरवं. तिसऱ्यावर, जो प्रकार मी जन्मात हाताळला नव्हता, एक लाल.

बाबांचा चेहरा उतरला. "आता काहून? तिथं तर थंड हाये ना?"

मी निकाल उघडून वाचला. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या तक्त्यात, फक्त त्या तिसऱ्या प्रकारात, माझ्या चार ओळींमुळे पानाची शेवटची ओळ दोनदा छापली जात होती. मी दुसऱ्यांदा वाचला. कूलरपाशी मिळवलेला तो हिरवा कागद पाठवून मी मोकळी झाले असते, तर कुठल्याशा दूरच्या गावातली एखादी टायपिस्ट बाई माझ्या नावामुळे तिच्या गिऱ्हाइकाचा कागद परत घेत बसली असती.

"बाबा," मी म्हटलं, "या वेळेस माही चूक हाये."

"नक्की?"

"नक्की. पूर्ण माही."

बाबांनी थांबवलेल्या गिऱ्हाइकाला हातानं यायची खूण केली. "मंग कर दुरुस्त," ते म्हणाले आणि पाना उचलून कामाला लागले.

दोन दिवस लागले. चाराच्या सहा ओळी झाल्या, तिन्हीकडे हिरवं आलं, आणि बदल माझ्या नावानं, बापाच्या नावासकट, आडनावासकट आत गेला. त्याच्या जोरावर पुढे कामही मिळालं. पण मी जपून ठेवलाय तो निकाल त्या हिरव्यांतला नाही, त्या दुपारचा लाल आहे. महिनाभर मी उन्हाची, लाइनीची, तुटक्या मशीनची चूक माझ्या माथी घेऊन बसले होते. ती लाल आली तेव्हा पहिल्यांदा माझ्या नावापुढे माझी स्वतःची चूक लागली, आणि ती दुरुस्त करणं माझ्या हातात होतं.